पडक्या चर्चला छप्पर नको, शिडी हवी

यॉर्कशायरमधल्या वॉल्ड्स टेकड्यांत, माल्टन या बाजारगावापासून काही मैलांवर, वॉरम पर्सी नावाचं गाव होतं. आता तिथे गवताखाली घरांच्या चौथऱ्यांचे उंचवटे उरलेत आणि सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च उभं आहे. चर्चच्या दक्षिण भिंतीत कमानी दिसतात, पण त्यांतून आत जाता येत नाही. पोकळी दगडांनी चिणून टाकलेली, आणि त्या चिणकामात खिडक्या बसवलेल्या. बाहेरच्या भिंतीला एवढ्या मोठ्या कमानी कशाला, असा प्रश्न पडतो. पण ही भिंत एके काळी बाहेरची नव्हतीच.

इंग्लंडमधल्या खेड्याचं चर्च साधारण तीन भागांचं असतं. पश्चिमेला मनोरा, मधे लोकांनी जमायचं लांबट दालन, म्हणजे नेव्ह, आणि पूर्वेला वेदीचा भाग, चान्सेल. वस्ती वाढली की नेव्हच्या लांब भिंतीत खांब आणि कमानी काढायच्या आणि पलीकडे उतरत्या छपराचा जादा भाग जोडायचा. तिकडे त्याला आइल म्हणतात. आपल्याकडे घराला पडवी काढतात तसलंच ते काम, म्हणून पडवीच म्हणू. वॉरम पर्सीला बाराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेची पडवी आली, मग उत्तरेची. पुढे माणसं घटली. दोन्ही पडव्या उतरवल्या, कमानी चिणल्या. सतराव्या शतकात चान्सेलही आखूड केलं. गाव १५०० च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणासाठी रिकामं झालं होतं. चर्च चालू राहिलं ते त्याच पॅरिशमधल्या, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या, बाकीच्या वाड्यांच्या जिवावर. गावच्या चढउताराचा हिशोब असा भिंतीवर लिहिलेला आहे, आणि तो वाचायला पुराभिलेख कार्यालयात जावं लागत नाही.

आता शेवटच्या काही तारखा. थिक्सेंडेल या वाडीला १८७० मध्ये स्वतःचं चर्च मिळालं आणि वॉरमचे बरेच लोक तिकडे वळले. १९४९ मध्ये शेवटची प्रार्थना झाली. पुढच्या दशकात छपरावरचं शिसं गेलं. १९५९ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला.

म्हणजे शेवटची प्रार्थना आणि मनोऱ्याचा अंत यांत फक्त दहा वर्षं. शेकडो वर्षं उन्हापावसात टिकलेली इमारत दहा वर्षांत मोडते, याचा अर्थ तिला आजवर दगडाने धरून ठेवलेलं नव्हतं. दर हिवाळ्याआधी कोणीतरी शिडी लावून वर जात होतं, पन्हळीतली पानं काढत होतं, सरकलेला पत्रा ठोकत होतं. ते जाणं थांबलं.

इंग्लंडमध्ये अशी पडकी चर्चं भरपूर आहेत; एकट्या नॉरफकमध्ये मध्ययुगीन चर्चांचे शंभराच्या आसपास अवशेष आहेत. त्यांचं करायचं काय, यावर तिकडे अधूनमधून वाद होतो आणि दोन आवाज मोठ्याने ऐकू येतात. एक म्हणतो, छप्पर घाला, वापरात आणा, कार्यक्रमाचं सभागृह करा, नाहीतर घर म्हणून विका. दुसरा म्हणतो, पैसे जिवंत चर्चांना पुरत नाहीत, मेलेल्यांना शांतपणे पडू द्या. माझ्या मते दोघांचीही चूक एकच आहे. दोघांनाही हे एकदाच निकालात काढायचं काम वाटतं. पडक्या भिंतीला लागतो तो थोडा पैसा, पण दरवर्षी. सार्वजनिक पैसा वाटणाऱ्या यंत्रणेला नेमकं हेच जमत नाही.

भिंत आतून कशी असते हे पाहिलं की मुद्दा स्पष्ट होतो. मध्ययुगीन चर्चची भिंत सहसा दोन ते तीन फूट जाड असते, पण ती सलग दगडाची नसते. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मधे डबर, चिपा आणि चुना यांची भर. ही भर कोरडी आहे तोवर तिन्ही मिळून एक वस्तू असते. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो. भर ओतलेली ती वरची बाजू पाऊस पिण्यासाठीच केल्यासारखी असते. पाणी भरीतून खाली झिरपतं आणि चुना हळूहळू विरघळवून नेतं. मग भर सैल होते, खाली बसते आणि दोन्ही पदरांना बाहेर रेटते. हिवाळ्यात आतलं पाणी गोठलं की त्याचं आकारमान नऊ टक्क्यांनी वाढतं. एका रात्री नाही, पण वीस-तीस हिवाळ्यांत पदर सुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला भिंत थोडी पोट आल्यासारखी दिसते. हातोडीच्या दांड्याने हलकं ठोकलं तर भरीव ठिकाणी आवाज ठोस येतो, सुटलेल्या ठिकाणी पोकळ. दगडात लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतील तर गंजून फुगतात आणि धडधाकट दगडालाही तडा देतात.

म्हणून पहिलं काम माथ्यावरचं. जुनी पद्धत अशी: वरचे सुटे थर उतरवायचे, त्यांचे फोटो काढून आणि क्रमांक घालून, आणि तेच दगड चुन्यात पुन्हा बसवताना माथा मुद्दाम ओबडधोबड पण पाणी वाहून जाईल असा ठेवायचा. कुठेही वाटीसारखा खळगा राहता कामा नये. नवी म्हणावी अशी पद्धत गवताची. माथा सावरून त्यावर चार-सहा इंच किंचित चिकणमाती असलेली माती आणि वर गवताची लादी. लादीच्या कडा भिंतीच्या कडेपलीकडे थोड्या लोंबत्या ठेवायच्या, म्हणजे थेंब भिंतीच्या अंगावरून न ओघळता सुटून पडतो. भिंत अरुंद किंवा कोरडी असेल तर गवताऐवजी सेडम, म्हणजे जाड पानांची बुटकी वनस्पती. इंग्लिश हेरिटेज आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हेल्स अॅबी या पडक्या मठासारख्या अवशेषांवर हे मोजून पाहिलं. गवताखालच्या दगडाचं तापमान कमी हेलकावे खातं आणि गोठणं-वितळणंही कमी होतं. गंमत अशी की कित्येक अवशेषांवर असं गवत आपोआप उगवलेलं होतं, आणि विसाव्या शतकातल्या सरकारी दुरुस्त्यांत ते साफ करून माथ्यावर सिमेंट थापलं गेलं.

सिमेंटचा विषय थोडा ताणणार आहे, कारण नुकसान बहुतेक वेळा चांगल्या हेतूने होतं. दगडांमधली दरज ही भिंतीची श्वास घ्यायची जागा. चुन्याची दरज दगडापेक्षा मऊ असते, त्यामुळे भिंतीतलं पाणी दरजेतून सुकतं, क्षार तिथे जमतात आणि झिजते ती दरज. शंभर वर्षांनी ती पुन्हा भरता येते. दरज सिमेंटची केली की उलटं होतं. पाणी दगडातून बाहेर पडू पाहतं आणि दगडाचा चेहराच पापुद्र्यासारखा सुटतो. काही वर्षांनी दरजांची जाळी पुढे आलेली दिसते आणि मधले दगड आत गेलेले. दगड परत भरता येत नाही.

चुन्याचं काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. दरज तिच्या रुंदीच्या दुप्पट, आणि किमान एक इंच, खोल कोरायची, तीही छिन्नीने. कटर चालवलं की दगडाची कड जाते. आत धूळ राहू द्यायची नाही. भिंत आधी भिजवायची, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषतो आणि चुना न धरता भुगा होतो. मिश्रण साधारण एक भाग पाण्यातही धरणारा नैसर्गिक चुना आणि अडीच ते तीन भाग टोकदार कणांची वाळू. मऊ दगडाला चुना सौम्य घ्यायचा. जोरकस चुना म्हणजे चांगला चुना हा समज सिमेंटच्या सवयीतून आलेला आहे. खोल पोकळी एका दमात भरायची नाही, थराथराने भरायची आणि मधे दगडाच्या चिपा ठोकायच्या. वर ओलं गोणपाट टांगून काही दिवस ओलावा राखायचा. तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. इंग्लंडच्या हवेत याचा अर्थ एप्रिल ते सप्टेंबर. अनुदानाचं आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं आणि पैसा खर्च करायची धावपळ हिवाळ्यात येते. गोठलेल्या चुन्याची बरीच कामं तशी झालेली असतात.

भरीत पोकळी असेल तर पातळ चुना ओततात. तो खालून वर, टप्प्याटप्प्याने. एका टप्प्याला एक मीटरहून कमी उंची, आणि खालचा टप्पा धरल्याशिवाय वरचा नाही. एकदम ओतलं तर द्रवाचा दाब सुटत आलेल्या पदराला ढकलून देतो, आणि भिंत दुरुस्तीमुळेच पडते.

आयव्हीची वेल दिसली की उत्साही मंडळी ती ओढून काढतात. ओढू नये. वेलीची पाळं दरजेत शिरलेली असतात, ओढताना दगडही सोबत येतो. बुंध्याशी कापावी, सुकू द्यावी, मग तुकड्यातुकड्याने काढावी आणि त्याच आठवड्यात दरज भरावी. आणि वेल नुसती भिंतीवर पसरलेली असेल, आत मुळं गेलेली नसतील, तर ती भिंतीला पांघरूण घालत असते; तिथे हात न लावणं हेही काम आहे. भेगेत वटवाघळं असतील तर त्यांना कायद्याने संरक्षण आहे. तपासणीशिवाय भेग चिणणं गुन्हा ठरू शकतो, म्हणजे कामाचा महिना गवंडी एकटा ठरवत नाही.

यांतलं कोणतंही काम भव्य नाही. माथ्यावर उगवलेलं झुडूप बोटाएवढं असताना उपटायला दहा मिनिटं लागतात. तेच मनगटाएवढं झालं की वरचे तीन थर उतरवावे लागतात, परांची बांधावी लागते, पुरातत्त्वज्ञ बोलवावा लागतो. आणि परांची ही या धंद्यातली सगळ्यात महागडी वस्तू. ती उतरली की तिचा अवशेषही उरत नाही.

तरीही व्यवस्था उलट्या बाजूने झुकलेली आहे. १९५५ च्या एका चर्च-कायद्याने चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिश चर्चची दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासणी सक्तीची झाली. ही फार शहाणी तरतूद होती. पण चर्च बंद होऊन त्या कक्षेबाहेर गेलं की नेमकं जास्त लक्ष हवं तेव्हा कोणी यावं अशी सक्ती उरत नाही. संरक्षित स्मारकाच्या यादीत नाव गेलं तर १९७९ च्या कायद्याने परवानगीशिवाय कोणी हात लावू शकत नाही. पण हात लावलाच पाहिजे असं तो मालकाला सांगत नाही. करही असाच. २०१२ पर्यंत नोंदणीकृत जुन्या इमारतीत मंजूर फेरबदल करायला मूल्यवर्धित कर शून्य होता आणि दुरुस्तीला पूर्ण. म्हणजे खिडकी मोठी करा, कर नाही. आहे ती नीट करा, कर भरा. ही विसंगती काढली ती दुरुस्ती स्वस्त करून नव्हे, फेरबदलांनाही वीस टक्के लावून. नवं घर बांधणाऱ्याला मात्र आजही शून्यच.

माझी मागणी एवढीच आहे. सार्वजनिक मालकीच्या किंवा सार्वजनिक पैसा घेतलेल्या प्रत्येक पडक्या चर्चला पाच वर्षांची तपासणी लागू करा, आणि मोठ्या दुरुस्तीचं अनुदान देताना त्यातला ठरावीक वाटा पुढच्या वीस वर्षांच्या किरकोळ कामासाठी बाजूला बांधून ठेवा. फलक, पायवाट आणि माहिती केंद्र यांना पैसा मिळतो; शिडीला मिळत नाही, कारण शिडीचं उद्घाटन होत नाही.

छप्पर घालणाऱ्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. नॉरफकमधल्या हॉटन-ऑन-द-हिलचं सेंट मेरी चर्च १९९२ मध्ये झाडोऱ्यात बुडालेलं होतं. बॉब डेव्ही या गृहस्थांनी ते साफ करून छपराखाली आणलं, आणि नंतरच्या गिलाव्याखालून इसवी सन १०९० च्या सुमाराची भित्तिचित्रं निघाली. तिथे छप्पर नसतं तर ती चित्रं टिकली नसती. जिथे गिलावा, रंग किंवा लाकूडकाम शिल्लक आहे तिथे छप्पर घालाच. वॉरम पर्सीला मात्र छप्पर घालायचं तर कोणत्या काळाचं? पडव्या असतानाचं की गेल्यानंतरचं? पडव्या परत बांधल्या तर चिणलेल्या कमानी फोडाव्या लागतील आणि सोळाव्या शतकातली माणसं पुसली जातील. नाही बांधल्या, तर आतून गिलावा देऊन नीटनेटकं केलेलं सभागृह त्याच कमानी झाकेल. दोन्ही वाटांनी आपण एक चर्च मिळवू आणि त्याचा इतिहास घालवू. बॉम्बहल्ल्यात जळालेल्या चर्चांचं वेगळं. कॉव्हेन्ट्रीचं सेंट मायकेल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जळालं आणि बेसिल स्पेन्स यांनी नवं कॅथीड्रल शेजारी बांधून जुन्या भिंती उघड्या ठेवल्या. तिथे उघडेपणालाच अर्थ आहे, वाद फारसा उरत नाही.

हा वाद नवा नाहीच. १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या अॅबीचा जीर्णोद्धार वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट करणार हे कळल्यावर कवी आणि कलाकार विल्यम मॉरिस यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्याचा गाभा हाच होता की जीर्णोद्धार नको, रोजच्या निगेने ऱ्हास थोपवा; कललेल्या भिंतीला टेकू द्या, गळकं छप्पर सांधा. हा विचार आपल्याकडेही आला. १९०२ पासून भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेल्या जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये खात्यासाठी संवर्धनाची जी नियमावली लिहिली ती याच वळणाची आहे. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची पोर्तुगीज चर्चं किंवा जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा पाहताना ते लक्षात ठेवायला हरकत नाही. सेंट ऑगस्टीनचा क्रमही वॉरमसारखाच होता: १८३५ मध्ये संन्यासी गेले, १८४२ मध्ये छताची कमान कोसळली, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. दगड जांभा, पाऊस कोकणातला, आयव्हीच्या जागी पिंपळ. वेळापत्रकात फरक, बाकी तेच.

पडू द्या म्हणणाऱ्यांशी मी एका ठिकाणी सहमत आहे. सफकच्या किनाऱ्यावर डनिचचं ऑल सेंट्स चर्च १९०४ ते १९१९ या काळात तुकड्यातुकड्याने कड्यावरून समुद्रात गेलं. कडाच सरकत असताना भिंतीत चुना भरण्यात अर्थ नसतो. तिथे मोजमाप घ्यावं, कोरीव दगड उचलावेत आणि बाजूला व्हावं. पण ही सवलत समुद्राला आहे, दुर्लक्षाला नाही. वॉरमचा मनोरा कोणत्याही समुद्राने नेला नव्हता.

त्याच किनाऱ्यावर थोडं उत्तरेला कोव्हहाइथ आहे. तिथलं सेंट अँड्र्यू हे पंधराव्या शतकातलं अवाढव्य चर्च, गावाला कधीच पेलणार नव्हतं इतकं मोठं. १६७२ मध्ये गावकऱ्यांनी परवानगी काढून छप्पर उतरवलं आणि जुन्या नेव्हच्या पोटात, मनोऱ्याला टेकून, त्याच सामानातून एक छोटं चर्च बांधलं, गवताने शाकारलेलं. मनोरा ठेवला, समुद्रावरून येणाऱ्या गलबतांना तो खूण म्हणून लागत होता. भोवतीच्या गारगोटीच्या उंच भिंती उघड्या राहिल्या, आणि आजही उभ्या आहेत. खिडक्यांच्या घडीव चौकटी जागोजाग उपटून नेल्याने त्यांच्या कडा दातेरी झाल्या आहेत. हे अवशेष आता चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या निगराणीत आहेत, आणि आतल्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना होते. शाकारलेल्या छपराचा कणा दर दहा-पंधरा वर्षांनी नवा करावा लागतो. त्यासाठी शिडी लागते, आणि शिडीवर चढलेल्या माणसाला तिथून भोवतालच्या सगळ्या भिंतींचे माथे दिसतात.